परफ्युममध्ये समुद्री शेवाळाचा अर्क किती आणि कसा घालावा?

यासाठी 'सीवीड अ‍ॅब्सोल्यूट' घ्या. फ्यूकस गटातल्या तपकिरी शेवाळापासून सॉल्व्हंटने काढलेला हा अर्क गडद हिरवा आणि डांबरासारखा घट्ट असतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून तो सैल करा, मग 1 ग्रॅम अर्क 9 ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोलमध्ये (परफ्युमसाठी वापरायचं इथेनॉल) विरघळवा. वजनावरच मोजा, थेंबांवर नको. गाळ बसला की फिल्टर पेपरने गाळून घ्या.

परफ्युमच्या मिश्रणात मूळ अर्क 0.1 टक्क्यापासून, म्हणजे हे द्रावण 1 टक्क्यापासून, सुरू करा. जास्त झाला तर खारेपणा मागे पडून सुक्या मासळीचा वास वर येतो, आणि तो झाकणं फार कठीण. ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल), सीडरचं लाकूड आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या वासाशी हा अर्क छान जमतो. समुद्राच्या ताज्या हवेची झुळूक मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी कॅलोनसारखा कृत्रिम रेणूच लागतो.