चिनी जडीबुटीत खरंच वेदनाशामक द्रव्य सापडलंय का? ते शोधतात कसं? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या अशा कॅप्सूल घ्याव्यात का?

सापडलंय, आणि एकच नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि वर्गात यासाठी यानहूसुओचं उदाहरण हमखास देतो.

यानहूसुओ म्हणजे कोरिडॅलिस या छोट्या रोपाचा कंद. रोप अफूच्याच कुळातलं, पण त्यात अफू नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात त्याची शेती होते. डोकेदुखी, पाठदुखी, पाळीतली पोटदुखी यांवर तिथे हा कंद शतकानुशतकं देत आले आहेत, तोही बऱ्याचदा व्हिनेगरमध्ये शिजवून. त्यामागे चोख रसायनशास्त्र आहे. कंदातल्या अल्कलॉइडांचे (वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त, औषधी गुणांच्या द्रव्यांचे) आम्लामुळे क्षार बनतात, ते पाण्यात सहज उतरतात आणि काढा कसदार होतो.

२०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतले ऑलिव्हिए सिव्हेली आणि चीनमधल्या दालियानचे रसायनशास्त्रज्ञ यांनी या कंदातून डीहायड्रोकोरिब्युल्बिन हे वेदनाशामक द्रव्य वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. पद्धत अशी: अर्काचे क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्राने) भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवरच्या ग्राहींवर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर, तपासायचा, आणि ज्याचा परिणाम दिसेल तोच आणखी फोडत जायचं. कंटाळवाणं काम, पण खरा शोध तिथेच लागतो; परंपरा फक्त खणायचं कुठे ते सांगते. उंदरांमध्ये हे द्रव्य भाजण्याची, सुजेची आणि मज्जातंतूंच्या इजेची, अशा तिन्ही वेदनांवर चाललं. शिवाय मॉर्फिनसारखी त्याची सवय होऊन परिणाम ओसरला नाही. त्याचा परिणाम मुख्यतः डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या डी-टू नावाच्या ग्राहीमार्फत होतो. तो ग्राहीच नसलेले उंदीर वापरून हे पडताळलं गेलं.

आता तुम्ही विचारलेल्या ऑनलाइन कॅप्सूलबद्दल. वरचे निकाल उंदरांवरचे आणि शुद्ध द्रव्याचे आहेत. बाटलीतल्या भुकटीत ते किती आहे, कोण सांगणार? याच कंदात टेट्राहायड्रोपाल्मेटिन हेही वेदनाशामक असतं. चीनमध्ये ते औषध म्हणून वापरतात. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘जिन बू हुआन’ नावाच्या गोळ्या गिळून कोलोरॅडोतली तीन मुलं गुंगीत गेली, त्यांचा श्वास आणि नाडी मंदावली. सुदैवाने तिन्ही वाचली. मोठ्या माणसांमध्ये यकृताला सूज आल्याचं आढळलं. गोळीत होतं टेट्राहायड्रोपाल्मेटिन, आणि लेबलवर भलत्याच वनस्पतीचं नाव!

म्हणून माझं मत: यकृताचा त्रास असेल, झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर अजिबात घेऊ नका. इतरांनीही आधी डॉक्टरांना बाटली दाखवावी.