ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना होते पण व्यायाम दोन दिवसांवर टिकत नाही. विश्वासातून प्रेरणा कशी मिळेल? वचनं सुचवा.

वचनं मागितलीत म्हणून आधी वचनांचंच बोलते. बायबलमधलं १ करिंथ ६:१९, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर, हे तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी सांगितलं असणार, कदाचित फ्रिजवर चिकटवलेलंही असेल, आणि तरी तुम्ही इथे विचारताय म्हणजे त्याने काम झालेलं नाहीये. होणारही नाही. तो अख्खा परिच्छेद जारकर्मापासून पळा असं सांगणारा आहे, सुटलेल्या पोटाबद्दल पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित, तिथे चकार शब्द काढत नाही. ते ओढून व्यायामाला लावलं की दोन दिवस अपराधी वाटतं आणि मग अपराधी वाटून घ्यायचाही कंटाळा येतो.

पण मी लिहायला बसले ती दुसऱ्याच वचनामुळे. १ तीमथ्य ४:८, शारीरिक कसरत थोडक्या बाबतीत उपयोगी, सुभक्ती सगळ्या बाबतीत. आमच्या थोरल्या काकांनी हे वचन आमच्या घरात दर रविवारी उपासनेनंतर चहाबरोबर म्हणून दाखवलंय. आम्ही नगरचे. मी पहाटे वाडिया पार्कला ट्रॅकपँट घालून चालायला जायचे ते त्यांना खुपायचं, पण खरा घोळ पप्पांच्या बाबतीत झाला. पप्पा शाळेतून रिटायर झालेले, चर्चच्या मंडळीचे खजिनदार, पलीकडच्या गल्लीत जायचं तरी स्कूटर, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) नऊच्या वर. डॉक्टर म्हणाले रोज चाला. मी बूट आणून दिले, ते खोक्यातच कॉटखाली. काही बोललं की पप्पा काकांकडे बघायचे आणि काका ४:८ काढायचे, वर "आपण विश्वासणारे, जगाच्या मागे धावायचं नाही." स्वतःचे गुडघे धरून उठायचे खुर्चीतून, तरीपण.

मी भांडले, आई रडली, काही उपयोग नाही. मग नवीन पाळकसाहेब आले आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली. मंडळीत कितीतरी म्हातारी माणसं अशी होती की त्यांना चर्चपर्यंत येणं होत नव्हतं आणि त्यांच्याकडेही कोणी जात नव्हतं. आजाऱ्यांच्या भेटींचं काम पाळकसाहेबांनी पप्पांकडे दिलं. नेमकी तेव्हाच स्कूटर भाऊ पुण्याला घेऊन गेलेला (ही माझी आयडिया होती, पप्पांना अजून माहीत नाही). रिक्षाला पैसे घालवणारा माणूस नाही तो. मग सावेडीहून तारकपूर पायी, कधीकधी तर पार भिंगारपर्यंत. एखाद्या आजीजवळ बसायचं, तिला स्तोत्र वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची, परत यायचं. स्वतःच्या शुगरसाठी हा माणूस गेटपर्यंत चालला नसता, पण अमुक आजी वाट बघत असेल म्हटलं की पावसात छत्री घेऊन निघायचा.

अडचण एकच झाली, चहाची. प्रत्येक घरात चहा, आणि बिनसाखरेचा मागितला की आपल्याकडे लोकांना वाटतं ह्यांना आमचा चहा नको. त्यावर आईने तोडगा काढला, आधीच सगळ्यांना फोन करून सांगून ठेवायची. पुढे शुगर सातच्या आसपास आली आणि काका म्हणाले, ही प्रभूची कृपा, चालण्याचा काय संबंध. अहो कृपा नाही असं कोण म्हणतंय? चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, ते स्नायू काय सैतानाने केलेत का?

आणि काका तोंडपाठ म्हणतात त्या वचनाच्या पाचच ओळी वर, ४:३ मध्ये, पौल कोणाला झापतोय बघा. लग्न करू नका, हे खाऊ नका, ते खाऊ नका असं सांगत फिरणाऱ्यांना, म्हणजे देहाला वाईट ठरवणाऱ्यांनाच. पुढच्या अध्यायात ५:२३ ला तोच पौल तीमथ्याला, म्हणजे ज्याला हे पत्र लिहिलंय त्या त्याच्या तरुण सोबत्याला, सांगतो की नुसतं पाणी पीत राहू नको, पोटासाठी आणि सारख्या येणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. हा तब्येतीची हेळसांड करायला सांगणारा माणूस वाटतो का तुम्हाला?

काकांचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी पळणार नाही म्हणून १०० मीटर सोडणारा. बरोबर आहे, पण त्याने रविवार पाळला, पळणं नाही सोडलं, ४०० मीटरला ४७.६ सेकंदात सुवर्ण घेतलं की! मॅरेथॉन नेहमी रविवारीच का ठेवतात ही माझीही तक्रार आहे, पण बाकीचे सहा दिवस कोणी धरून ठेवलंय? काकांच्या पोराला कॉलेजात व्हॉलीबॉलची ढाल मिळाली ती अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे. तो खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीएत, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतच निघाला, बास्केटबॉल १८९१ मध्ये, तोही वायएमसीएच्याच शाळेत, आणि तो काढणारा नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला. तेव्हा नाही आठवलं वाटतं ४:८.

असो, तुमचं. प्रेरणा शोधत बसू नका, विश्वासामुळे जी कामं तुम्ही एरवीही करताच त्यातलं एखादं पायांवर टाका. भेटीला पायी जा. बुधवारच्या प्रार्थनासभेला दोघातिघांनी मिळून चालत जा, एकटं असलं की दांडी मारणं फार सोपं असतं. सकाळची प्रार्थना होतेच आहे ना, मग तिला लागूनच घराबाहेर पडा, मध्ये मोबाईल हातात घेऊ नका. लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, चाळीस दिवस मटण सोडता तशी ह्या वेळी लिफ्ट सोडून बघा. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं झालं पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे नुसतं गप्पा मारत रेंगाळणं नाही, थोडा दम लागला पाहिजे. चालण्याने सगळं भागत नाही हेही आहे, खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, म्हणजे काकांसारखे गुडघे होणार नाहीत.

आणि हो, पप्पांच्या गोळ्या बंद झालेल्या नाहीत, प्रार्थना करून गोळ्या सोडणाऱ्यांनी माझं उत्तर पुरावा म्हणून वापरू नये. शुगर असेल तर घरी आल्यावर तळपाय बघायचे, फोड आलेला कळतच नाही कधीकधी. इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखलं तर तिथेच थांबा. ज्यांना चालताच येत नाही त्यांना ह्यातलं काही लागू नाही.

इतकं करूनही वचन हवंच असेल तर प्रेषितांची कृत्ये २०:१३ वाचा. सगळे सोबती त्रोवसाहून जहाजाने निघाले आणि पौल अस्सापर्यंत मुद्दाम पायी गेला, तीसेक किलोमीटर तरी असेल. का गेला ते लिहिलेलं नाही. काकांना मी हे मागच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर पाठवलंय, निळी टिक आलीये, उत्तर अजून नाही.