दुचाकीची राखण : अलार्म, साखळी आणि विम्याचा कागद

प्रश्न : मी चिंचवडला भाड्याने राहतो. सोसायटीत भाडेकरूंना आत जागा मिळत नसल्यामुळे माझी 150 सीसीची नवी मोटारसायकल रात्री फाटकाबाहेर, कुंपणाच्या भिंतीला लागून उभी असते. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. दुकानदार रिमोटचा अलार्म बसवून देतो म्हणतो. आमचे घर चौथ्या मजल्यावर, मागच्या बाजूला आहे. कोणता अलार्म घ्यावा?

उत्तर : अलार्म कोणता घ्यावा, यापेक्षा तो वाजल्यावर उठून खाली कोण येणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि त्याचे उत्तर आपणच पत्राच्या शेवटच्या ओळीत दिले आहे. चौथ्या मजल्यावर मागच्या खोलीत, पंखा चालू असताना, रस्त्यावरचा भोंगा आपल्याला ऐकू येणार नाही. ज्यांना ऐकू येईल ते शेजारी ‘कुणाची तरी गाडी ओरडते आहे’ म्हणून कूस बदलतील. मांजर सीटवर उडी मारते, खडीचा डंपर जातो, वळवाचा वारा सुटतो, आणि प्रत्येक वेळी अलार्म वाजतो. आठ दिवसांत त्या आवाजाकडे सगळी गल्ली दुर्लक्ष करू लागते. अलार्म निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. दुकानापुढे किंवा पहारेकऱ्याच्या खुर्चीसमोर उभ्या राहणाऱ्या गाडीला तो उत्तम आहे. आपल्या गाडीचा मात्र तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय ठरतो.

पहिला उपाय ठरवण्यासाठी चोर काय करतो ते पाहू. हँडल लॉक म्हणजे आतल्या बाजूचा बोटाएवढा खिट्टा असतो. हँडलला जोराचा हिसका दिला की तो तुटतो. पुढे किल्लीच्या वायरी जिथे जोडलेल्या असतात तो कपलर सोडवून गाडी ‘डायरेक्ट’, म्हणजे किल्लीशिवाय चालू, केली जाते. जुन्या गाड्यांत तेवढीही गरज पडत नाही, कारण झिजलेले कुलूप झिजलेल्या दुसऱ्या किल्लीनेही फिरते. तिसरा प्रकार सर्वांत साधा : सव्वाशे-दीडशे किलोची गाडी दोघे-तिघे उचलतात आणि टेम्पोत टाकतात. या तिसऱ्या प्रकारापुढे डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कच्या भोकात अडकवायचे कुलूप) आणि इंजिन बंद ठेवणारे चोरबटण दोन्ही हतबल होतात. म्हणून गाडी हलणार नाही अशा एखाद्या वस्तूला बांधणे हे पहिले काम.

आपल्याकडे भिंत आहे, हे नशीब समजा. सोसायटीच्या सचिवांची लेखी परवानगी घेऊन तिच्या पायात, काँक्रीटमध्ये, जाड लोखंडी कडी बसवून घ्या. साखळी हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी नको, ती लहान कटरने कापली जाते. मोटारसायकलसाठीच केलेली, कठीण पोलादाची, कड्यांची जाडी किमान 10 मिलिमीटर असलेली आणि कापडी आवरणाची साखळी घ्यावी. ती नुसती पुढच्या चाकातून ओवली तर चोर चाक सोडून ठेवून गाडी नेऊ शकतो. तेव्हा मागचे चाक आणि चाकाला धरणारा चिमटा या दोन्हींतून ती ओवून कडीला अडकवावी. साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नये. फरशीवर टेकलेल्या कुलपावर हातोडा नीट बसतो, अधांतरी लोंबणाऱ्या कुलपावर तो नुसता सटकतो. साखळी ताणून बांधलेली असेल तर कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून त्यावर सगळे वजन टाकण्याची सोयही चोराला मिळत नाही.

इतके झाल्यावर हवाच असेल तर अलार्म घ्या, पण तो डिस्क लॉकमध्येच असलेला घ्यावा, कारण त्याला स्वतःच्या लहान बॅटऱ्या असतात आणि गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. घेताना खिट्ट्याची जाडी आपल्या डिस्कच्या भोकातून जाते का, हे दुकानातच लावून पाहावे. त्यासोबत मिळणारी रंगीत पिळाची दोरी हँडलला अडकवण्याची सवय लावून घ्या; कुलूप विसरून गिअर टाकला की पहिल्याच फूटभर अंतरात डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग) यांचे काय होते ते गॅरेजवाल्यांना विचारावे.

रिमोटच्या अलार्मबद्दल एक गोष्ट स्वानुभवाने सांगतो. माझ्या जुन्या गाडीला मी असा अलार्म हौसेने बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने मूळ वायरी मध्येच सोलून, पीळ देऊन, वर काळी पट्टी गुंडाळली होती. दिवाळीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलो तर बॅटरी पूर्ण उतरलेली. नंतर मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा किल्ली बंद असतानाही 10 मिलिअँपिअर प्रवाह सतत जात होता. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला तो पाव अँपिअर-अवरच्या आसपास जातो, आणि अनेक 100 सीसी गाड्यांची बॅटरी 3 ते 4 अँपिअर-अवरचीच असते. कार्ब्युरेटरच्या गाडीला निदान किकचा आधार होता. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाच्या बीएस-6 नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्शन आले; तिथे पेट्रोल पंपालाच वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेलेली असली तर किक मारून घाम तेवढा येतो. शिवाय सोललेल्या वायरी दाखवून शोरूम वॉरंटी नाकारू शकते. म्हणून रिमोटचाच अलार्म हवा असेल तर तो वायरी न सोलता गाडीच्या कपलरलाच जोडला जाणारा असावा.

प्रश्न : मी कराडजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. एसटी स्थानकाबाहेर गाडी लावून पुढे बसने जाते. गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे डिस्क लॉक लागत नाही. मुलगा म्हणतो, सीटखाली ब्लूटूथचा टॅग टाकून ठेव. तो पुरेसा आहे का?

उत्तर : चिरंजीवांना सांगा, की तो टॅग किल्ल्या आणि प्रवासी बॅगा शोधण्यासाठी बनवलेला आहे. त्याला स्वतःचे सिम नसते; जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनमार्फत तो आपला ठावठिकाणा कळवतो. स्थानकासारख्या गर्दीत तो चांगला चालतो, उसाच्या शेतामागच्या शेडमध्ये मुका होतो. त्यातही कोणी कोणावर गुपचूप पाळत ठेवू नये म्हणून हे टॅग, आपल्याबरोबर अनोळखी टॅग फिरतो आहे, अशी सूचना सोबतच्या माणसाच्या फोनवर पाठवतात. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी ती सोय योग्यच आहे, पण इथे चोरालाही तिचाच फायदा होतो.

सिम असलेला जीपीएस ट्रॅकर अधिक भरवशाचा, मात्र त्याचे वार्षिक शुल्क, 4जी जाळ्यावर चालण्याची क्षमता आणि उभ्या गाडीत बॅटरीवर पडणारा भार, या तिन्ही गोष्टी विकत घेण्यापूर्वी विचाराव्यात. तो सीटखाली पहिल्याच जागी नसावा, आणि लोखंडी पत्र्याच्या थेट खालीही नसावा. चालत्या गाडीचे इंजिन मोबाइलवरून बंद करण्याची सोय काही ट्रॅकर देतात. ती मी वापरणार नाही, कारण महामार्गावर मागून ट्रक येत असताना इंजिन बंद पडले तर चोराचाच नव्हे, भलत्याचाही जीव जाईल. गाडी कुठे आहे हे दिसले तरी स्वतः तिथे जाऊ नये; 112 वर कळवून पोलिसांना ठिकाण दाखवावे.

ड्रम ब्रेकच्या गाडीला साखळी चालतेच. स्थानकाबाहेरच्या रेलिंगला ती बांधता येत असेल तर टॅगपेक्षा तिच्यावर खर्च करा. आपली गाडी कार्ब्युरेटरची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची जुनी सवयही सोडू नये : कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाऊन भररस्त्यात थांबते, आणि घाईत असलेला चोर ती बहुधा तिथेच टाकून जातो.

प्रश्न : शोरूमने मला नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा विमा दिला आहे. गाडी आता तीन वर्षांची होत आली. चोरी झालीच तर भरपाई मिळणार, मग साखळीचा खर्च कशाला? (नाशिक)

उत्तर : कागद आजच काढून नीट वाचा. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे, पण तो तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई देणारा. चोरीची भरपाई ‘स्वतःचे नुकसान’ या भागातून मिळते, आणि तो भाग पुष्कळदा पहिल्याच वर्षापुरता असतो. त्याचे नूतनीकरण आपण केले नसेल तर आज गाडी चोरीला गेल्यास एक रुपयाही मिळणार नाही.

नूतनीकरण केले असले तरी भरपाई गाडीच्या घसारा वजा केलेल्या किमतीवरच ठरते : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला रूढ कोष्टकाप्रमाणे 30 टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के. लाखाच्या गाडीचे 70 हजार आणि गाडीच्या तिसऱ्या वाढदिवसानंतर 60 हजार होतात. बहुतेक कंपन्या दावा करताना दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली कुठे आहे, हेही आजच पाहून ठेवावे.

चोरी झालीच तर ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद करून परत येऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीचा गुन्हाच नोंदवून घ्या आणि प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. गुन्हा तातडीने नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे, पण त्या निकालाच्या भरवशावर दिवस घालवण्याचे कारण नाही. गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विमा कंपनी सहसा याच कागदावर अडून बसते, म्हणून महिन्या-दीड महिन्यानंतर तपास अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी सुरू ठेवावी.