५५ इंची टीव्ही: नो-कॉस्ट ईएमआयमध्ये लपलेला तेरावा हप्ता

कराडच्या एका वाचकाचा प्रश्न असा: घरातल्या नऊ वर्षं जुन्या ३२ इंची एलईडी टीव्हीचा आवाज येतो, पण पडदा काळा. मेकॅनिक २,८०० रुपये सांगतोय. दुकानदार म्हणतो, जुन्यात पैसे घालू नका, ५५ इंची फोर-के घ्या. किंमत ४६,९९० रुपये, क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. रोख दिल्यास ४४,०००. सोबत डीटीएच आणि ओटीटीचं महिना ६५० रुपयांचं पॅकेज. ४३ इंची घेतला तर रोख २७,५००. हातात पगार येतो ४२,०००. घरखर्च ३१,०००, एसआयपी ३,०००, शाळा आणि विम्यासाठी बाजूला ४,०००. अडीअडचणीची ठेव ७०,०००. केबलचं बिल सध्या ४१० रुपये. आईला मालिका, वडिलांना बातम्या, मुलाला क्रिकेट.

आधी उत्तर सांगतो: ५५ इंची नको, जुना दुरुस्त होतो का ते बघा आणि केबलचं बिल कमी करा.

हप्त्याचं गणित मांडू. ४६,९९० भागिले १२, म्हणजे महिना ३,९१६. तुमच्याकडे महिन्याला उरतात ४,०००. हप्ता गेला की हातात ८४ रुपये. एखाद्या महिन्यात गॅस आणि डॉक्टर एकदम आले की कार्डाचं बिल थकणार, आणि थकलेल्या बिलावर व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं.

आता ‘नो-कॉस्ट’चं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकलं जातं. दर १६ टक्के धरला तर तुमच्या हप्त्यांत ३,८३१ रुपये व्याज आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी ६९० रुपये, तो मात्र तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. शिवाय रोखीची २,९९० रुपयांची सवलत हुकली. बेरीज ३,९१५ रुपये, म्हणजे जवळजवळ एक आख्खा हप्ता जास्तीचा.

जुन्या टीव्हीकडे वळू. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरकी धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा उजेड गेलाय. आतल्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात, एक उडाला की माळच विझते. मेकॅनिक उडालेला एकच दिवा बदलून देत असेल तर नको म्हणा. बाकीचेही नऊ वर्षं तापलेले आहेत, दोन-चार महिन्यांत पुढचा जातो. सगळ्या पट्ट्या नव्या टाकायला सांगा, बिल आणि निदान तीन महिन्यांची हमी लिहून घ्या. टीव्ही घरी आला की सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ६० वर आणा. पट्ट्या लवकर जातात त्या उष्णतेनं. टॉर्चखाली काहीच दिसलं नाही, किंवा पडद्याला तडा असेल, तर मात्र २,८०० घालवू नका. साधा ३२ इंची रोखीनं घ्या.

खरा पैसा महिन्याच्या बिलात जातो. ६५० चं पॅकेज पाच वर्षं चाललं तर ३९,००० होतात, म्हणजे जवळजवळ दुसरा टीव्ही. ४१० ची केबल पाच वर्षांत २४,६००. आता तुमचं केबलचं बिल नीट वाचा. त्यात एनसीएफ (नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क) म्हणून एक रक्कम असते. पूर्वी २०० वाहिन्यांपर्यंत तिला १३० रुपयांची मर्यादा होती, जुलै २०२४ मध्ये ती ट्राय या दूरसंचार नियामकानं काढली, त्यामुळे तुमच्या ऑपरेटरचा आकडा विचारा. तो १३० च असेल आणि आईच्या तीन मालिकावाहिन्या प्रत्येकी १९ रुपयांनी सुट्या घेतल्या, तर १८७ अधिक जीएसटी, म्हणजे २२१ रुपये. मराठी बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या मोफत गटातच येतात. महिन्याला १८९ वाचले, फक्त ‘फॅमिली पॅक’ काढून टाकल्यानं! केबलवाला सहसा हे स्वतःहून सांगत नाही. सुट्या वाहिन्यांची यादी मागा, द्यावी लागते.

डीटीएचवर उडी मारायच्या आधी एक लक्षात घ्या: एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. ट्रायनं २०२० मध्ये बॉक्स सगळीकडे चालावेत अशी शिफारस केली, पण ग्राहकाच्या हाती अजून तसा बॉक्स आलेला नाही. म्हणून बॉक्स विकत की भाड्यानं आणि परत केला तर किती मिळतील, हे पावतीवर लिहून घ्या.

मुलाच्या क्रिकेटसाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, ध्यानात ठेवा. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने २००७ च्या कायद्यानुसार दूरदर्शनला द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते प्रसार भारतीच्या (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेच्या) स्वतःच्या जाळ्यावरच दिसतात, खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाहीत. आईच्या सशुल्क मालिका मात्र फ्री डिशवर नाहीत, त्यामुळे केबल बंद करून भागणार नाही. डिश लावायची झाली तर उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, कराडहून आग्नेयेला साधारण ६० अंश वर. त्या बाजूला आंब्याची फांदी असेल तर पावसात ओल्या पानांनी सिग्नल हमखास जातो.

दुरुस्ती जमली तर वर्षभरात महिना ४,००० आणि वाचलेले १८९ धरून, दुरुस्तीचे वजा जाता, सुमारे ४७,५०० जमतात. त्यातून ४३ इंची रोखीनं घ्या. उरलेले २०,००० ठेवीत टाका, म्हणजे ती ९०,००० वर, जवळपास तीन महिन्यांच्या खर्चाएवढी होईल. ४३ इंचीला साडेपाच-सात फुटांचं अंतर पुरतं. ५५ इंचीवर साध्या एसडी वाहिन्या घेतल्या तर चित्र ताणून धूसर दिसतं, आणि तुमच्या घरी बघायचं बरंचसं तेच आहे. घेताना हमीपत्रात पॅनेलची हमी वेगळी वाचा, कारण बिघडलेल्या पॅनेलचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका. दुरुस्त झालेला ३२ इंची आईवडिलांच्या खोलीत चालेल.