वाचकांचे प्रश्न : कारखान्यातील हवा कुणाच्या नाकापाशी मोजायची?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेलसाठी सूत रंगवणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून हवेची तपासणी करून घेतली. अहवालात सल्फर डायऑक्साइड ०.४ पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.४ भाग), मर्यादा २ पीपीएम आणि शेरा ‘मर्यादेत’ असा आहे. तरीही व्हॅट रंगाच्या टबवर काम करणाऱ्या दोघांना सतत खोकला येतो आणि छातीत घरघर होते. मालक म्हणतात, हवा चांगली आहे, त्यांना विडीचा त्रास असेल. काय खरे मानावे?

उत्तर : अहवालातील आकडा बरोबर असूनही त्या दोघांचा त्रास कामातून आलेला असू शकतो. नमुना कोठे, किती वेळ आणि कोणते काम चालू असताना घेतला, हे अहवालात आधी शोधावे. पुष्कळदा उपकरण शेडच्या मध्यभागी तिवईवर ठेवतात आणि तास-दोन तासांत तपासणी उरकतात. त्यातून शेडची हवा कळते, पण कामगाराच्या श्वासात काय जाते ते कळत नाही. ते कळण्यासाठी लहान पंप त्याच्या कमरपट्ट्याला अडकवून नमुना घेणारी नळी कॉलरपाशी, म्हणजे नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटीमीटरच्या आत लावतात आणि तो पंप बाळगूनच त्याने पाळीभर नेहमीचे काम करायचे असते.

व्हॅट रंग पाण्यात विरघळावा म्हणून तुमच्याकडे हायड्रो वापरतात, म्हणजेच सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याला ओल लागली की त्याचे विघटन होऊन सल्फर डायऑक्साइड सुटतो. कामगार ड्रमचे झाकण काढतो, मग्ग्याने पावडर घेतो आणि गरम टबावर वाकून ती सोडतो. त्या काही मिनिटांत त्याचे तोंड नेमके वाफेवर असते. तिवईवरच्या उपकरणापर्यंत ती वाफ पोचते तेव्हा ती शेडभर पसरून विरळ झालेली असते.

हिशेबासाठी आकडे कल्पनेने घेऊ. पाळी १२ तासांची आहे, हायड्रो चार वेळा टाकावा लागतो, दर वेळी १५ मिनिटे हवेत ६ पीपीएम असतात आणि उरलेले ११ तास ०.४ पीपीएम. सहा गुणिले एक तास अधिक ०.४ गुणिले ११ तास मिळून १०.४ होतात, त्यांना १२ ने भागल्यास सरासरी सुमारे ०.८७ येते. दोनच्या मर्यादेपुढे हा आकडा निर्धास्त करणारा वाटतो. मात्र ही मर्यादा आठ तासांच्या कामासाठी ठरवलेली आहे. १२ तासांच्या पाळीत शरीराला उसंत कमी मिळते, म्हणून ब्रीफ आणि स्काला या आरोग्यतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ती निम्मी, म्हणजे १ पीपीएम धरावी लागते. तेव्हा आपला कल्पित कामगार सरासरीत काठावर पास होतो. परंतु कारखाने अधिनियमाच्या (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत, जी भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आली, याच वायूसाठी १५ मिनिटांची वेगळी मर्यादा ५ पीपीएम अशी होती, आणि तीत तो चारही वेळा नापास होतो. तुमच्या अहवालात हा १५ मिनिटांचा रकाना आहे का, ते पाहा. माझा अंदाज आहे की नसेल.

कायद्याची मर्यादा पाळली की प्रकृतीला धोका उरत नाही, असेही समजू नये. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने याच वायूसाठी सुचवलेली १५ मिनिटांची मर्यादा ०.२५ पीपीएम, म्हणजे आपल्या आकड्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी आहे, कारण दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका अंगमेहनत करताना इतक्या कमी प्रमाणातही आकुंचन पावू शकतात. विडीचे कारण मालकांना सोयीचे आहे, कारण ते सांगायला कोणतीही मोजणी करावी लागत नाही. विडीने फुप्फुसे कमजोर होतात हे खरे. पण म्हणून टबावरची वाफ निरुपद्रवी ठरत नाही.

फेरतपासणी करून घेताना सर्व कामगारांना एका मापात न बसवता कामानुसार गट पाडावेत : टबवाले, रंग तोलणारे, लडी पिळणारे आणि वाळवणारे. सर्वांत जास्त संपर्क येणाऱ्या गटातील माणसांवर पंप लावून, हायड्रो टाकतानाची १५ मिनिटे स्वतंत्रपणे मोजण्यास लेखी सांगावे. अहवाल येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ड्रम कोरड्या जागी आणि झाकून ठेवा, ओला मग्गा त्यात कधीही बुडवू देऊ नका, हायड्रो भरपूर पाण्यात टाका पण हायड्रोवर पाणी ओतू नका (तो तापून पेट घेऊ शकतो), आणि टबाच्या कडेला वाफ ओढून घेणारा हूड बसवा. भिंतीवरचा पंखा पुष्कळदा तीच वाफ कामगाराच्या तोंडावरून नेतो.

प्रश्न : माझे पती सूतगिरणीत ब्लो रूममध्ये (कापसाच्या गाठी फोडण्याच्या खात्यात) काम करतात. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत बरे वाटते. हा कामाचा त्रास असेल, तर तो रोज का होत नाही?
— पूर्व भागातील एक वाचक

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला क्रम कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगात सुरुवातीला दिसतो, पुढे त्रास आठवडाभर राहू लागतो. दम्याचा क्रम साधारणपणे उलट असतो, म्हणजे कामाच्या दिवसांत तो वाढत जातो आणि सुट्टीत उतरतो. रिॲक्टिव्ह रंगांची पावडर हाताळणाऱ्यांमध्ये असा दमा आढळतो. घरच्या घरी नोंद ठेवता येते. पीक फ्लो मीटर हे फुंकरीचा जोर मोजणारे छोटे, स्वस्त उपकरण आणून दिवसातून चार वेळा, किमान दोन आठवडे, सुट्टीच्या दिवसांसह फुंकून घ्यावे, दर वेळी तीनपैकी सर्वांत मोठा आकडा वेळेसह लिहावा आणि ती वही छातीच्या डॉक्टरांना दाखवावी. ‘मी ब्लो रूममध्ये काम करतो’ हे वाक्य डॉक्टरांनी न विचारताही पतींनी सांगावे. बिसिनोसिस हा कायद्याने कळवण्याजोग्या रोगांपैकी आहे. कारखाने अधिनियमात कापसाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम होती, आणि पिंजण्याआधी गाठी फोडून कापूस मोकळा करण्याच्या ठिकाणी, म्हणजेच ब्लो रूममध्ये, धूळ खूप उडते.

प्रश्न : तोंडाला रुमाल बांधला तर चालतो का? आणि हवेच्या तपासणीचा अहवाल कामगाराला मागता येतो का?

उत्तर : रुमालाने वायू अजिबात अडत नाही आणि बारीक धूळही फारशी अडत नाही. एन-९५ मास्क धुळीपुरता ठीक आहे. वायूसाठी त्या त्या वायूची कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) असलेला मास्क लागतो, आणि तोही दाढीवर घट्ट बसत नाही. अहवाल मागता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कामगाराला आपल्या आरोग्याशी व सुरक्षिततेशी संबंधित माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क आहे. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. माहिती मिळाली नाही, तर ती प्रत जोडून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करावी.