क्लास तीन, पण कुठला वापरायचा ते ऐनवेळी ठरतं

प्रश्न: आमच्या स्प्रिंग बूटच्या (जावाचं फ्रेमवर्क) प्रोजेक्टमध्ये नोटिफायर नावाचा एक इंटरफेस आहे आणि त्याचे तीन क्लास, एसएमएस, ईमेल आणि पुश. कस्टमरने प्रोफाइलमध्ये जे निवडलंय त्यावरूनच पाठवायचंय. नुसतं ऑटोवायर केलं, म्हणजे ऑब्जेक्ट स्प्रिंगनेच आणून द्यावा असं सांगितलं, की ॲप चालूच होत नाही, एक बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) हवी होती पण तीन सापडल्या अशी एरर येते. क्वालिफायर लावून एकीचं नाव दिलं तर सगळ्यांना एसएमएसच जातो. शेवटी कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे स्प्रिंग सगळ्या बीन ठेवतं तिथून, गेटबीन करून काम भागवलं, तर सीनियर नको म्हणतात. मग करायचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सीनियर बरोबर सांगतायत. क्वालिफायर काय किंवा प्रायमरी (आधीच ठरवलेली पहिली पसंती) काय, त्यांचा निकाल ॲप चालू होतानाच लागतो, आणि कस्टमर कोण ते तर रिक्वेस्ट आल्यावर कळणार, त्यामुळे तिथे एकच बीन मागून भागणारच नाही, सगळ्याच मागायच्या. कन्स्ट्रक्टरमध्ये नोटिफायरची लिस्ट घ्या, स्प्रिंग तिन्ही बीन त्यात भरून देतं. स्ट्रिंग की असलेला मॅप मागितला तरी देतं, त्यातली की म्हणजे बीनचं नाव. हे सोपं दिसतं पण मी यात पोळलोय. आमच्याकडे एकाने क्लासचं नाव बदललं, त्याबरोबर बीनचं नावही बदललं, कंपाइल झालं, ॲप चालू झालं, आणि पहिला एसएमएसवाला कस्टमर आला तेव्हा मॅपमधून नल मिळून नलपॉइंटरची एरर आली.

म्हणून माझं मत, चॅनेल नावाचा एक इनम (ठरावीक नावांची यादी) करा आणि प्रत्येक क्लासने आपण कुठल्या चॅनेलचे ते एका मेथडमधून सांगायचं. कन्स्ट्रक्टरमध्येच लिस्टवर लूप फिरवून इनममॅप (इनम हीच की असलेला मॅप) भरा, एकाच चॅनेलचे दोन निघाले किंवा एखादं चॅनेल रिकामं राहिलं तर तिथेच एक्सेप्शन फेका. मग चूक तुमच्याच मशीनवर, ॲप चालू होतानाच दिसते. पाठवताना फक्त मॅपमधून गेट, इफ-एल्स कुठेच नाही, चौथं चॅनेल आलं तर एक नवा क्लास आणि इनममध्ये एक ओळ.

गेटबीन नको कारण क्लासला काय लागतं ते कन्स्ट्रक्टर बघून कळत नाही आणि टेस्टला कॉन्टेक्स्ट उभा करावा लागतो किंवा त्याचा मॉक (नकली ऑब्जेक्ट) करत बसावं लागतं. लिस्ट घेतली की खोटे नोटिफायर देऊन सरळ न्यू करता येतं.

आणि हो, या बीन सिंगलटन असतात, सगळ्या रिक्वेस्टना तीच एक. कस्टमरचा नंबर फील्डमध्ये ठेवू नका, मेथडला पॅरामीटर म्हणून द्या, नाहीतर एकाचा ओटीपी दुसऱ्याला जाईल.