रोपांच्या जीन एडिटिंगसाठी टीआरव्ही (टोबॅको रॅटल व्हायरस) वापरणार असशील तर आधी हे वाच

हे बघ, पहिल्याच फटक्यात अख्खा कॅस९ (डीएनए कापणारं प्रथिन) व्हायरसमध्ये कोंबायला जाऊ नकोस. त्याचा जीन ४,००० बेसपेक्षा लांब, टीआरव्हीच्या आरएनए२ ला (त्याच्या जीनोमच्या दोन तुकड्यांपैकी एक) एवढं ओझं झेपत नाही. त्यापेक्षा आधीपासून कॅस९ बनवणारी बेंथामियानाची (तंबाखूची प्रयोगशाळेतली बहीण) रोपं घे आणि व्हायरसकडून फक्त गाईड (कुठे कापायचं ते सांगणारा आरएनए) पाठव, गाईडच्या शेपटीला एफटी या फुलं आणणाऱ्या जीनचा तुकडा जोडलास तर बदल पुढच्या पिढीच्या बियांतही उतरतो, २०२० मध्ये हे करून दाखवलंय आणि मला तरी ही आयडिया भयंकर आवडते.

सुरुवात पानांचे रंग बनवायला लागणाऱ्या पीडीएस जीननेच कर, कारण तो तुटला की नव्या पानांवर पांढरे चट्टे डोळ्यांना दिसतात. बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने अ‍ॅग्रो (व्हायरसचे तुकडे पेशीत नेणारा बॅक्टेरिया) सोडायचं, वरून बोटाचा हलका आधार, ओला गडद डाग पसरला की समजायचं आत गेलं. आरएनए१ आणि आरएनए२ ची दोन्ही कल्चर मिसळलीस ना ते दोनदा बघ, माझा एक अख्खा महिना त्यातच गेलाय.

कॅस९ची रोपं नसतील तर टीएनपीबी (कॅस९सारखंच कापणारं, पण बरंच छोटं प्रथिन) बघ, त्यातलं आयएसवायएमयू१ एवढं छोटं आहे की गाईडसकट टीआरव्हीत मावतं, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात चाललंय. आणि चट्टे दिसले तरी डीएनए वाचून खात्री करायला सीक्वेन्सिंग करच.